पत्तीचा अभ्यास

अमेरिकेतील ज्या विद्यापीठात मी ओबो हे पाश्चात्त्य फुंकवाद्य शिकले, तेथील संगीत विभागाच्या तळघरात एक लांबट, बिनखिडकीची खोली होती आणि तिच्या दारावर ‘रीड रूम’, म्हणजे पत्तीची खोली, एवढेच लिहिलेले होते. आत सहा मेजे, प्रत्येक मेजावर मान वाकवता येणारा दिवा, कोपऱ्यात कापडाने झाकून ठेवलेले एक छोटे यंत्र, आणि सगळीकडे ओल्या बोरूचा मंद, गोडसर वास. प्रवेश मिळाला तेव्हा माझी समजूत अशी होती की आता चार वर्षे आपण फक्त वाजवणार. पहिल्या तासाला शिक्षिकेने माझा ओबो पेटीतून काढूसुद्धा दिला नाही. तिने माझ्या हातात एक चाकू आणि धार लावायचा दगड ठेवला आणि ती म्हणाली, “पुढचा महिनाभर हे तुझे वाद्य.”

तिचे म्हणणे किती अक्षरशः खरे होते, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. ओबो आणि सनई ही एकाच कुळातील वाद्ये आहेत. दोन्हींत दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात, त्यांच्या मधल्या फटीतून हवा जाते, पत्त्या थरथरतात आणि आवाज निर्माण होतो. बाकीचे लाकूड, भोके आणि चाव्या त्या थरथरीला आकार देतात, पण ती थरथर निर्माण करत नाहीत. वाद्य दुकानातून विकत घेता येते आणि नीट सांभाळले तर ते पुष्कळ वर्षे टिकते. पत्ती मात्र दहा-पंधरा तास वाजवली की थकते, आणि ओबो गांभीर्याने वाजवणाऱ्या बहुतेक माणसांना ती स्वतःच करावी लागते. म्हणून ओबो शिकणारा विद्यार्थी आयुष्याचा फार मोठा भाग वाजवण्यात नव्हे, तासण्यात घालवतो. मला हे प्रथम ओझे वाटले. आज मला वाटते की या वाद्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथेच होतो.

पत्ती कशी होते ते जरा सविस्तर सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. दक्षिण फ्रान्समध्ये व्हार नावाचा प्रांत आहे. तेथे समुद्राच्या वाऱ्यावर बोरूसारखे एक उंच गवत वाढते आणि जगभरातील ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकवाद्ये वाजवणारे पिढ्यान् पिढ्या त्याच गवतावर अवलंबून आहेत. ते कापून, वाळवून, मुरवून आपल्याकडे येते तेव्हा जेमतेम साडेदहा मिलिमीटर व्यासाची एक पिवळसर नळी हातात असते. ती उभी चिरून तिचे तीन तुकडे करायचे. त्यांतला एखादा तुकडा किंचित पिळलेला निघाला तर तो सरळ टाकून द्यायचा. उरलेला पाण्यात भिजवायचा आणि कोपऱ्यातील त्या यंत्रावर आतल्या बाजूने कोरत न्यायचा, मधोमध त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत. मग तो दुमडायचा, साच्यावर धरून कडा कापायच्या आणि बुच लावलेल्या एका बारीक धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायचा. बांधून एक-दोन दिवस तसाच राहू द्यायचा. त्यानंतर टोक छाटून दोन पत्त्या सुट्या करायच्या, त्यांच्या मध्ये एक पातळ पाते सरकवायचे आणि तासायला सुरुवात करायची. टोक इतके पातळ की दिव्यासमोर धरले तर प्रकाश आरपार दिसावा, त्यामागे थोडा जाड भाग, त्याच्याही मागे दोन्ही बाजूंना खिडक्यांसारख्या दोन खोलगट जागा आणि मधून जाणारा कणा. चाकूचा एक हात जास्त पडला तर तीन दिवसांचे काम केरात जाते. पहिल्या वर्षी माझे पुष्कळसे काम केरातच गेले.

मधूनमधून ती नुसती पत्ती ओठांत धरून फुंकून पाहायची असते. जो कर्कश आवाज निघतो त्याला तिकडे ‘क्रो’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याचे आरवणे. चांगली पत्ती ‘सी’ या स्वरावर आरवते आणि तो स्वर एकाच वेळी वरच्या-खालच्या सप्तकांत ऐकू येतो. पहिल्यांदा मी ती तशी फुंकली तेव्हा शिक्षिकेने विचारले, हे तुला कोणी शिकवले? कोणी शिकवले नव्हते. मी फक्त आमच्या आबांना तसे करताना शेकडो वेळा पाहिले होते.

आबा, म्हणजे माझे आजोबा, चंदगड तालुक्यातील एका गावचे गुरव. देवळाच्या नगारखान्यात पहाटे आणि सांजेला सनई-चौघडा वाजवण्याचे काम आमच्या घराकडे होते आणि त्याबद्दल सुगीला घरोघरचे बलुते मिळायचे. घरात दोन सनया होत्या. एक वाजवायची थोरल्या आबांनी, म्हणजे आजोबांच्या भावाने, आणि दुसरी सुराची. सुराची सनई माझ्या आजोबांकडे होती. ज्यांनी सनईचा ताफा जवळून ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मुख्य सनई गात असते तेव्हा दुसरी सनई एकच सूर अखंड धरून ठेवते. तो सूर तुटता कामा नये, चढता-उतरता कामा नये, आणि श्वास घेण्यासाठीही थांबता कामा नये. ऐकणाऱ्यांना त्या सनईवाल्याचे नाव ठाऊक नसते. तो थांबला तरच लोकांना कळते की तो होता.

आबांच्या सनईला दोऱ्याने बांधलेल्या तीन-चार पत्त्या लोंबत असायच्या. वाजवण्याआधी ते त्यांतली एक गालात ठेवून बराच वेळ गप्प बसायचे. त्या वेळी आम्ही मुलांनी काही विचारले तर उत्तर मिळायचे नाही. मग ते पत्ती काढून नुसतीच फुंकायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि कधी दाढीच्या ब्लेडच्या तुकड्याने तिच्या कडेवरून एखादा हलका हात फिरवायचे. हे सारे ज्ञान त्यांच्या बोटांत आणि ओठांत होते. आमच्या घरात त्याला कोणी अभ्यास म्हणत नसे. त्याला काम म्हणत.

बाबा सनईवरूनच फौजेत गेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये त्यांची भरती झाली, पुढे पचमढीला सैन्याच्या संगीत शाळेत पाठवले गेले आणि तेथे ते क्लॅरिनेट शिकले. माझे बालपण बेळगावच्या छावणीत गेले. बँडच्या सरावाला मी भिंतीवर बसून असायची. निवृत्तीनंतर बाबांनी कोठून तरी एक जुना ओबो विकत घेतला, चाव्यांचे स्प्रिंग गेलेला, आणि तो स्वतः दुरुस्त करून माझ्या हातात दिला. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ते म्हणाले, “ही पण सनईच आहे, फक्त चाव्या लावलेली.” परदेशी विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळण्यामागे माझ्या गुणांइतकेच हेही कारण होते की ओबो वाजवणारे विद्यार्थी कमी असतात आणि वाद्यवृंदाला ते हवेच असतात. हे मला तेथे गेल्यावर समजले आणि त्याचे वाईट वाटले नाही.

संगीताच्या इतिहासाच्या तासाला एक गोष्ट ऐकली तेव्हा बाबांची फार आठवण झाली. युरोपात सुषिर वाद्ये शिकवणाऱ्या संस्थांमध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीचे नाव अग्रभागी घेतले जाते. ती १७९५ साली स्थापन झाली. पण तिचे मूळ क्रांतीच्या काळातील नॅशनल गार्डच्या बँडमध्ये आहे. बर्नार सारेत नावाच्या माणसाने फौजी बँडसाठी फुंकवाद्ये वाजवणारी मुले तयार करण्याची विनामूल्य शाळा १७९२ मध्ये काढली आणि तीच पुढे वाढत वाढत कॉन्झर्व्हेटरी झाली. उघड्या मैदानावर, मोठ्या समुदायापुढे वाजवायचे तर तंतुवाद्ये पुरत नाहीत, फुंकवाद्येच लागतात. म्हणजे फुंकवाद्यांचे हे सारे पदवी शिक्षण, त्याच्या परीक्षा आणि त्याचे मानमरातब, यांच्या मुळाशी बाबांसारखीच गणवेशातील माणसे होती. मी हे त्यांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी त्या सारेतचे नाव मला दोनदा उच्चारायला लावले.

त्याच कॉन्झर्व्हेटरीत जॉर्ज जिले नावाच्या गुरूंकडे शिकलेला मार्सेल ताब्यूतो अमेरिकेत आला आणि १९१५ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात पहिला ओबो वाजवत राहिला. कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये त्याने शिकवलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे देशभरातील वाद्यवृंदांच्या खुर्च्या भरल्या. खिडक्या आणि कणा असलेली ती लांब तासणी त्याच्याच परंपरेची. युरोपातील पत्ती वेगळी, तिची तासणी आखूड, आवाज वेगळा. माझ्या शिक्षिकेचे गुरू ताब्यूतोच्या शिष्यांपैकी एक. ती हे सांगायची तेव्हा तिचा आवाज आपल्याकडचे गवई घराण्याचे नाव घेताना होतो तसाच व्हायचा. तिचा हात कानाकडे जाईल की काय, असे मला वाटायचे. दोन्हीकडे घराणे हातातून हातात जाते, एवढेच की त्यांच्या घराण्यात चाकूचा हातही मोजला जातो.

दुसऱ्या हिवाळ्यात माझा ओबो तडकला. तोपर्यंत बाबांनी दिलेला जुना ओबो मागे पडून नवा घेतला होता, त्यासाठी घरी कर्ज झाले होते. हे वाद्य आफ्रिकेतील ग्रेनाडिला लाकडाचे असते. आपल्या शिसवीच्या नात्यातलेच झाड, पण इतके जड की ते लाकूड पाण्यात बुडते. नवीन वाद्याला सुरुवातीला रोज थोडी थोडी मिनिटेच वाजवायचे असते, कारण आतून गरम, ओलसर श्वास आणि बाहेरून थंड, कोरडी हवा यांच्या ओढाताणीत लाकूड फाटते. मला एका तालमीला उशीर होत होता. बाहेर बर्फ पडत होता. मी वाद्य हातात धरून ऊब न देता थेट फुंकले. वरच्या भागात, दोन चाव्यांच्या भोकांच्या मधून केसाएवढी रेघ गेलेली मला संध्याकाळी दिव्याखाली दिसली. त्या रात्री मी खूप रडले. दुरुस्ती करणाऱ्याने आडव्या बारीक सळ्या घालून ती भेग शिवली. आजही अंगठा फिरवला तर ती जागा मला कळते.

विद्यापीठाचा आठवडा भरगच्च असायचा. शिक्षिकेचा एकट्याचा तास, सर्व ओबोवाल्यांचा सामूहिक तास, वाद्यवृंद, पाच जणांची पंचवाद्यी आणि सत्राच्या शेवटी परीक्षकांपुढे वादन. शिवाय एक वर्ग असा होता की त्यात प्रत्येकाला दुसरी सुषिर वाद्येही थोडी थोडी हाताळावी लागत. क्लॅरिनेट हातात आले तेव्हा बाबांचे एक जुने वाक्य उलगडले. ते म्हणायचे की क्लॅरिनेट अष्टकावर थांबत नाही, बाराव्या पायरीवर उडी मारते. कारण वर्गात कळले. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ असते आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून जोराने फुंकल्यावर तिच्यात पुढचा स्वर बारावा येतो. ओबोची आणि सनईची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून तेथे पुढचा स्वर आठवा येतो. बाबांना भौतिकशास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या बोटांनी ते मोजले होते.

पण या सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला तो एका सुरावर. रोज सकाळी पहिली चाळीस मिनिटे फक्त लांब सूर. अगदी ऐकू येईल न येईल असा सुरू करायचा, हळूहळू फुलवत न्यायचा आणि त्याच गतीने मावळवायचा. काटा दाखवणारे यंत्र समोर, आणि काटा हलता कामा नये. ओबोत एक विचित्र अडचण आहे. बाकीच्या वाद्यांत दम अपुरा पडतो. येथे फट इतकी बारीक असते की हवा खर्चच होत नाही. छातीत वापरलेली, शिळी हवा कोंडते आणि ताज्या हवेसाठी जीव कासावीस होतो. म्हणून ओबोवाल्याला श्वास घेण्याआधी श्वास सोडायला शिकावे लागते.

वाद्यवृंद सुरू होण्यापूर्वी सर्वांना स्वर मिळवून देण्याचे काम ओबोचे. मंचावरची कुजबुज थांबते, ओबो एकटा ‘ए’ हा स्वर धरतो, अमेरिकेत बहुधा ४४० हर्ट्झचा, आणि मग एकेक विभाग त्याला येऊन मिळतो. पहिल्यांदा ती जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा माझे गुडघे थरथरत होते. मी सूर धरला. साठ-सत्तर माणसे त्या सुराला आपापली वाद्ये लावत होती आणि मी डोळे मिटून नगारखान्यात बसलेले आबा पाहत होते. टाळ्या त्या सुराला कधीच नसतात.

चौथ्या वर्षी मी जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसचा ओबो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा ओबो आणि त्याच्या साथीला वाद्यवृंद अशी रचना, शिकायला घेतला. त्याची जन्मकथा ओबोवाल्यांना पाठ असते. १९४५ साली युद्ध संपता संपता बव्हेरियात आलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये जॉन डी लान्सी हा ताब्यूतोचा एक शिष्य होता. त्याने वृद्ध स्ट्राउसला विचारले की तुम्ही ओबोसाठी कॉन्चेर्टो लिहिण्याचा विचार केला आहे का. स्ट्राउस फक्त ‘नाही’ म्हणाला. आणि नंतर त्याने लिहिला. या रचनेची सुरुवातच अशी आहे की ओबोला पन्नासहून अधिक बार, म्हणजे तालाचे खंड, विसावा नाही. एका दमात ते होत नाही. शिक्षिकेने मला पाण्याने भरलेला ग्लास आणि प्लास्टिकची नळी दिली आणि सांगितले की गालात हवा साठव, ती गालाने बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घे, पाण्यातले बुडबुडे थांबले नाहीत की जमले.

मी नळी तोंडात धरली आणि बुडबुडे थांबले नाहीत. पहिल्याच प्रयत्नात. शिक्षिका पाहत राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो की आबा आम्हाला पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून द्यायचे, पाण्याचा लोटा पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, बुडबुडा तुटला त्याचा डाव गेला. आम्हा चार नातवंडांचा तो खेळ होता. मी दुपारच्या दुपार जिंकत असे. मला वीस वर्षे कळले नाही की ते आम्हाला सूर धरायला शिकवत होते.

ते समजले त्याच्या आदल्या वर्षीच आबा गेले होते.

येथे मनातली एक सल लिहिते. आमच्या भागात लग्नाचा मुहूर्त सनईशिवाय जात नाही, तरी मांडवात वाजंत्र्यांची जागा मी चपलांच्या ढिगापाशी पाहिली आहे आणि त्यांची पंगत सर्वांत शेवटी बसलेली पाहिली आहे. आबांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्या तळघरातल्या खोलीत बसून राग यायचा. तेथे पत्ती तासण्याला गुणांक होते, दिवा होता, दाराला किल्ली होती. एका विद्यार्थिनीने पत्तीच्या टोकाच्या जाडीवर प्रबंध लिहिला तर तिचे कौतुक होत होते. आबांना त्यांच्या सबंध आयुष्यात कोणी विचारले नाही की पत्तीच्या उजव्या कोपऱ्यावरच ब्लेड का फिरवता. मीसुद्धा विचारले नाही.

पत्त्यांची वही ठेवण्याची शिस्त विद्यापीठाने लावली. प्रत्येक पत्तीला क्रमांक, बोरू कोणत्या खेपेचा, किती कोरला, साचा कोणता, त्या दिवशी हवा कशी होती, आणि शेवटच्या रकान्यात वाजली की नाही. माझ्या अशा सात वह्या झाल्या आहेत. मागच्या दिवाळीनंतर गावी गेले तेव्हा आठवी, कोरी वही घेऊन गेले होते. आबांच्या ताफ्यातले एक काका अजून वाजवतात. त्यांच्या ओसरीवर मी माझी जाडी मोजायची चकती, चाकू आणि पत्त्यांची डबी मांडून बसले. त्यांनी स्वतःच्या पत्त्या मोजू दिल्या, पण त्यांना त्या आकड्यांत काही रस दिसला नाही. मग त्यांनी माझी एक पत्ती मागितली, गालात ठेवली, आणि आबांसारखेच बराच वेळ गप्प बसले. काढली, फुंकली. पत्ती आरवली.

“सूर आहे,” ते म्हणाले. “पण लाजतीय.”

मी त्यांना माझा चाकू दिला. शिक्षिकेने शिकवला तसा त्यांनी तो धरला नाही. मुठीपासून दूर, पात्याच्या अगदी टोकाजवळ दोन बोटांत धरला आणि पत्ती उजेडाकडे तिरपी केली. मी विचारले, “काका, कुठला कोपरा?” त्यांनी न बोलता उजवा दाखवला आणि अलगद दोन हात फिरवले, इतके हलके की खाली पडलेली भुकटी मला दिसलीही नाही. मी वही उघडली, क्रमांक एक लिहिला आणि त्यापुढे लिहिले: उजवा कोपरा, दोन हात, काकांचे.